हादरा कुठे जातो?

चालत्या माणसाच्या हातातला कॅमेरा हिंदकळतो. १९७०च्या दशकापर्यंत त्यावर मुख्य उपाय म्हणजे रूळ अंथरून ट्रॉली ढकलणं किंवा क्रेन आणणं. फिलाडेल्फियाच्या गॅरेट ब्राउन यांनी कॅमेरा माणसाच्या अंगावरच चढवला. घट्ट जाकीट, त्याला जोडलेला स्प्रिंगचा हात आणि त्यावर तोललेला दांडा. दांड्याच्या वर कॅमेरा, खाली बॅटरी आणि छोटा पडदा. हे स्टेडिकॅम. १९७६च्या 'रॉकी'त पायऱ्या चढतानाही चित्र संथ राहिलं.

हादरा स्प्रिंगांनी पचवला; वजन मात्र कमी झालं नाही. ते जाकिटातून कंबरेवर आणि पाठीवर उतरतं. २३ डिसेंबर २००१ रोजी सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात टिलमन ब्युटनर यांनी सोकुरोव्हचा 'रशियन आर्क' एका सलग शॉटमध्ये टिपला. दीड तास दालनांमागून दालनं. आधीचे प्रयत्न अर्ध्यावर थांबले होते. चौथा तडीस गेला.

'कट' या शब्दाचा संबंध आपण संकलनाशी लावतो. ब्युटनर यांचं काम पाहिल्यावर मला त्याचा दुसरा अर्थ कळला: ओझं खाली ठेवण्याची मुभा.

पालखीचे भोई पावलं जुळवून चालत. आत बसलेल्याला धक्का लागू नये, हे त्यांचं कसब. भाषांतर करताना मीही तेच साधू पाहते. पण भोयांची नावं बखरींत क्वचितच येतात. स्टेडिकॅमच्या इतिहासात तरी यंत्र घडवणाऱ्याशेजारी ते वाहणाऱ्यांचीही नावं हवीत.