शब्दावर सोडलेला माणूस: पॅरोल, फर्लो आणि एका पत्त्याची गोष्ट

परवा पेटची तयारी करणाऱ्या एका मुलीने तिचा संशोधन आराखडा वाचायला पाठवला. विषय छान होता: अमेरिकेतला पॅरोल आणि महाराष्ट्रातला पॅरोल, तुलनात्मक अभ्यास. वाचताना मला माझंच पहिलं वर्ष आठवलं. माझ्या पहिल्या आराखड्यातही हीच तुलना होती आणि गाईडनी समासात फक्त एक प्रश्न लिहिला होता: ‘हे दोन्ही पॅरोल एकच आहेत का?’ त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात माझे चार-पाच महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून ही पोस्ट.

तर, दोन्ही एक नाहीत. अमेरिकेत पॅरोल म्हणजे शिक्षेचा काही भाग तुरुंगात काढल्यावर उरलेला भाग अटींवर, देखरेखीखाली बाहेर काढणं. आपल्याकडे पॅरोल म्हणजे रजा. घरात कुणी वारलं, कुणी गंभीर आजारी आहे, पुरात घर पडलं, तर ठरावीक दिवस बाहेर जायचं आणि परत यायचं. प्रोबेशन त्याहून वेगळं. तिथे गुन्हा सिद्ध होतो, पण न्यायालय तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडतं. म्हणजे प्रोबेशन तुरुंगाच्या दाराबाहेरूनच वळतं, पॅरोल दाराच्या आतून सुरू होतो. आणि प्रोबेशन देतं न्यायालय, तर आपल्याकडचा पॅरोल देतं प्रशासन. आराखडा लिहिण्याआधी एवढं पक्कं करा, कारण तुमची कागदपत्रं कुठे सापडणार हे त्यावरच ठरतं.

आपल्या सरकारी मराठीने इथे इंग्रजीपेक्षा चांगलं काम केलंय असं माझं मत आहे. पॅरोलला ‘अभिवचन रजा’ म्हणतात, फर्लोला ‘संचित रजा’. पॅरोल हा मूळ फ्रेंच शब्द, अर्थ ‘शब्द’, म्हणजे दिलेलं वचन. युद्धकैद्याने ‘पुन्हा शस्त्र उचलणार नाही’ असा शब्द दिला की त्याला सोडायचे, तिथून तो आला. ‘अभिवचन’मध्ये तो शब्द शिल्लक आहे. आणि ‘संचित’ म्हणजे शिक्षा भोगत असताना साठलेली. नियमांतला फरकही तसाच आहे: महाराष्ट्रात फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलचे धरले जात नाहीत.

माझा खरा प्रश्न मात्र पुढचा आहे. माणसाला शब्दावर सोडायचं, तर कुणाच्या शब्दावर?

इतिहासाची पुस्तकं इथे अलेक्झांडर मॅकोनॉकीपासून सुरुवात करतात. १८४० मध्ये नॉरफोक बेटावरच्या कैद्यांचा कारभार त्याच्याकडे आला, वर्तणूक आणि कामाचे गुण मोजून कैद्याने आपली सुटका स्वतः कमवायची ही त्याची पद्धत, आणि पुढे आयर्लंडमध्ये वॉल्टर क्रॉफ्टनने तिला दिलेलं व्यवस्थित रूप. ते कुठेही वाचायला मिळेल. मला थांबायचंय बॉस्टनच्या एका चांभारापाशी.

जॉन ऑगस्टसचं जोडे शिवायचं दुकान होतं. ऑगस्ट १८४१ मधल्या एका सकाळी तो बॉस्टनच्या पोलीस कोर्टात बसला होता. दारूच्या आरोपाखाली एका फाटक्या माणसाला आणलं. तो ऑगस्टसला म्हणाला, मला तुरुंगातून वाचवा, मी पुन्हा पिणार नाही. ऑगस्टसने त्याचा जामीन भरला, दारू सोडल्याची शपथ लिहून घेतली, आणि तीन आठवड्यांनी त्याला पुन्हा कोर्टात उभं केलं. माणूस ओळखू येईना. न्यायाधीशाने एक सेंट दंड केला. खर्च धरून एकूण तीन डॉलर शहात्तर सेंट. १८५९ मध्ये मरेपर्यंत ऑगस्टसने जवळजवळ दोन हजार लोकांची अशी हमी घेतली. विरोधही झाला, आणि त्यातला काही तत्त्वाचा नव्हता. माणूस तुरुंगात गेला की अंमलदारांना दरडोई फी मिळायची, ती या चांभारामुळे बुडत होती. मॅसॅच्युसेट्समध्ये पगारी प्रोबेशन अधिकारी नेमायचा कायदा आला १८७८ साली, म्हणजे तो गेल्यावर एकोणीस वर्षांनी.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. ज्याच्यासाठी कुणी उभं राहणारं नव्हतं, त्याच्यासाठी ऑगस्टस उभा राहायचा.

आता आपल्याकडे या. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ५६२ होतं: पहिलाच गुन्हा, चोरी-फसवणुकीसारखा, तर वय, चारित्र्य, पूर्वेतिहास बघून बंधपत्रावर सोडता येई. १९१९-२० च्या तुरुंग समितीनंतर, १९२३ मध्ये, त्याची व्याप्ती वाढली. पण या कलमात देखरेख करणारा माणूसच नव्हता. सोडलं, बंधपत्र घेतलं, संपलं. ती उणीव भरायला प्रांतांनी आपापले कायदे केले. मद्रास आणि मध्य प्रांत-वऱ्हाडने १९३६ मध्ये, मुंबईने १९३८ मध्ये. विदर्भातून काम करणाऱ्यांनी हे विसरू नये. तुमच्या जिल्ह्याचा कायदा मुंबईचा नव्हता, नागपूरचा होता.

मग १९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम. इथे नवीन संशोधक हमखास घसरतात. ‘१९५८ पासून भारतात’ असं लिहून मोकळे होतात. कायदा कोणत्या भागात केव्हा लागू करायचा हे राज्यांवर सोडलं होतं. रतन लाल विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सोळा वर्षांच्या मुलाला मे १९६२ मध्ये शिक्षा झाली आणि गुडगाव जिल्ह्यात कायदा लागू झाला त्याच वर्षी १ सप्टेंबरला. अपील चालू असताना आलेल्या कायद्याचा फायदा त्याला द्यायचा का, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि बहुमताने उत्तर आलं, द्यायचा. तेव्हा आधी तुमच्या जिल्ह्याची तारीख शोधा, मग वाक्य लिहा.

या कायद्याचं कलम ४ मी कितीदा वाचलं असेल, सांगता येणार नाही. चांगल्या वर्तणुकीवर सोडण्याआधी न्यायालयाची एक खात्री पटावी लागते: त्या माणसाला किंवा त्याच्या जामीनदाराला न्यायालयाच्या हद्दीत कायमचा पत्ता किंवा नियमित कामधंदा आहे. वाचायला किती साधं! आणि तुरुंगाच्या बाजूला बघा. मुंबईचे फर्लो आणि पॅरोलचे नियम १९५९ चे. त्यात म्हटलंय की कैद्याला ठेवून घ्यायला तयार असलेला आणि जामीन लिहून देणारा नातेवाईक असल्याशिवाय फर्लो नाही. सराईत कैद्यांना नाही. मुंबईत पोलीस आयुक्तांनी, इतरत्र जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी सार्वजनिक शांततेच्या कारणाने शिफारस केली नाही, तरी नाही.

आता हे नियम अशा माणसाला लावून बघा, ज्याच्या आजोबांना गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलं होतं. गाव सोडायचं तर पास, रोजची हजेरी, सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेचं कुंपण. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. मुंबई राज्याचा सराईत गुन्हेगार कायदा आला १९५९ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी फर्लोचे नियम आले त्याच वर्षी. पालावर राहणाऱ्या पारध्याचा कायमचा पत्ता कोणता? जामीनदार म्हणून उभा राहील असा सात-बाऱ्यावर नाव असलेला नातेवाईक कोण? ‘सराईत’ हा शिक्का कुणी, कधी मारला? कुठल्याच नियमात जातीचं नाव नाही, हे मला मान्य आहे. म्हणून तर नियमांपाशी थांबून चालत नाही, अर्ज कोणत्या शेऱ्याने नामंजूर झाला ते बघावं लागतं. ‘स्थानिक पोलिसांचा प्रतिकूल अहवाल’ एवढीच एक ओळ असते, पण ती ओळ म्हणजे तुमचं साधन आहे.

वेगळी वाट कुणी काढलीच नाही असंही नाही. १९३९ मध्ये औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरने (आपले लोक त्यांना भारतानंद म्हणायचे) आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची वसाहत उभी केली. भिंत नाही, बेड्या नाहीत, कैद्याने शेती करायची. पुढे १९५७ मध्ये व्ही. शांतारामांनी या प्रयोगावर ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. कथा गदिमांची, आणि गदिमा त्याच माणदेशातले. सिनेमा बहुतेकांनी पाहिलेला असतो, म्हणून सगळे जेलरच्या डोळ्यांबद्दल बोलतात. मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट: या वसाहतीत कैदी बायका-मुलांसह राहतात. बाहेर पत्ता आहे का, ठेवून घेणारा आहे का, हे विचारायच्या ऐवजी पत्ताच तिथे देऊन टाकला. पण जागा मोजक्याच, आणि तिथे कुणाला पाठवायचं हे ठरवताना पुन्हा वर्तणुकीची नोंद लागतेच.

त्या नोंदीचा पेच २०२० मध्ये सगळ्यांना दिसला. करोनात तुरुंग मोकळे करायला ८ मे रोजी महाराष्ट्राने नियमांत आकस्मिक पॅरोलची तरतूद घातली. सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षा असलेल्यांसाठी अट अशी होती की मागच्या दोन सुट्यांवरून ते वेळेवर परत आलेले असावेत. ज्याला कधी सोडलंच नव्हतं, तो वेळेवर परत येणार कसा? कैदी हे भांडण घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेले.

त्या मुलीला मी कळवलंय की अमेरिका तूर्त बाजूला ठेव. एकच तुरुंग, पाच-दहा वर्षं, आणि नामंजूर झालेले अर्ज, एवढंच घे. पॅरोल-फर्लो नाकारल्याविरुद्धच्या याचिकांवरचे उच्च न्यायालयाचे निकाल वेबसाइटवर आहेत आणि त्यांत नामंजुरीचं कारण बहुधा उतरवलेलं असतं. तुरुंगाचं दप्तर बघायला परवानगी लागते, ती वेळ खाते. तोवर निकालांपासून सुरुवात करता येते.