रबर मिश्रणाची गुणवत्ता आणि सागरी फेंडर : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
जहाज धक्क्याला लागताना त्याची गतिज ऊर्जा झेलण्यासाठी मध्ये बसविलेला रबरी आघातरोधक म्हणजे सागरी फेंडर होय. जहाजाचा वेग दुप्पट झाल्यास ही ऊर्जा चौपट होते. ती शोषण्याची फेंडरची क्षमता त्याच्या आकाराइतकीच त्यातील रबर मिश्रणावर अवलंबून असते. प्रस्तुत निबंधात मिश्रणतंत्राच्या इतिहासाच्या आधारे या संबंधाचा विचार केला आहे.

मिश्रणतंत्राचा विकास :
इ.स. १८२० मध्ये लंडनच्या थॉमस हॅनकॉक यांनी रबर मळून एकजीव करणारे यंत्र तयार केले. ते गुप्त राहावे म्हणून त्यास 'पिकल' म्हणजे लोणचे असे नाव दिले. त्याचे पेटंट त्यांनी १८३७ मध्ये घेतले. तत्पूर्वी १८३६ मध्ये अमेरिकेत एडविन चॅफी यांना तापविलेल्या रुळांच्या यंत्राचे पेटंट मिळाले होते. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांनी गंधक व उष्णता यांनी रबर टिकाऊ होते हे शोधले. १९०४ मध्ये लंडनजवळील सिल्व्हरटाउन येथे कार्बन ब्लॅकचा बळकटी देणारा गुण लक्षात आला. ही सूक्ष्म पूड मोठ्या प्रमाणावर मिसळण्यास फर्नली बॅनबरी यांचे १९१६ चे बंद मिश्रणयंत्र उपयुक्त ठरले.

फेंडरवरील परिणाम :
मिश्रण अपुरे राहिल्यास कार्बन ब्लॅकच्या गुठळ्यांभोवती ताण एकवटतो व वारंवार दबणाऱ्या फेंडरला तेथून तडे जातात. गंधक असमान पसरल्यास रबर कोठे टणक, तर कोठे मऊ राहते. फेंडर अपेक्षेपेक्षा टणक झाल्यास जहाज व धक्का यांवरील दाब वाढतो. मऊ राहिल्यास ऊर्जा पुरेशी शोषली जात नाही. उलटपक्षी, मिश्रण करताना उष्णता फार वाढल्यास गंधकाची क्रिया साच्यात जाण्यापूर्वीच सुरू होते.

निष्कर्ष :
असे अंतर्गत दोष बाहेरून सहसा दिसत नाहीत. पृष्ठभागाचा टणकपणा मोजूनही आतील गुठळ्या कळत नाहीत. त्यासाठी नमुना कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. 'पियांक' या आंतरराष्ट्रीय जलवाहतूक संघटनेच्या २००२ च्या फेंडरविषयक मार्गदर्शिकेच्या शीर्षकात केवळ आराखड्याचा उल्लेख होता. २०२४ च्या मार्गदर्शिकेच्या शीर्षकात निर्मिती व चाचणी यांचाही समावेश झाला. हा बदल अर्थपूर्ण आहे. हॅनकॉक यांच्या काळी मिश्रण हे कारखानदाराचे गुपित होते. आज बंदराच्या सुरक्षिततेसाठी खरेदीदाराने त्याची तपासणी करणे अगत्याचे आहे.