दगडीपाल्याची कुळकथा

अंबड, परतूर, मंठा. जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही शिवारात ज्वारी सोंगताना विळा बोटाला लागला, की आधी हात बांधाकडे जातो. दगडीपाला खुडायचा, तळहातावर चुरगळायचा, हिरवा रस जखमेवर पिळायचा, चोथा दाबून वर चिंधी बांधायची. कुणी त्याला कंबरमोडी म्हणतं, कुणी एकदांडी. लांब, केसाळ दांड्यावर एकुलतं एक पांढरं-पिवळं फूल.

आजीबाईच्या बटव्यातली ही वनस्पती मूळची इथली नाही. तिचं माहेर मेक्सिको-मध्य अमेरिका. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं 1753 मध्ये तिला ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स हे नाव दिलं, तेव्हा ठिकाण नोंदवलं मेक्सिकोतलं व्हेराक्रूझ. म्हणजे चरक-सुश्रुतांना हा पाला ठाऊक असणं शक्य नाही. ग्रंथाचा आधार नसताना त्याचा गुण हेरला तो शेतात राबणाऱ्यांनीच, असं मला वाटतं, आणि त्याचं श्रेय त्यांना मिळायला हवं. प्रयोगशाळा फार मागून आली. जखमेवरचा त्याचा परिणाम तपासणारा लेख 1982 मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये छापून आला.

धोकाही सांगायला हवा. पाल्यासोबत शेणामातीतले धनुर्वाताचे जंतू जखमेत जाऊ शकतात. जखम आधी स्वच्छ पाण्यानं धुवावी आणि धनुर्वाताचं इंजेक्शन चुकवू नये.

पाला लावा वा न लावा, जखम भरण्याचं मुख्य काम शरीरच करतं. पहिल्या काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतूंवर तुटून पडतात. दोन-तीन दिवसांत मॅक्रोफेज येतात आणि मेलेल्या पेशी गिळतात. 1975 मध्ये लिबोविच आणि रॉस या संशोधकांनी गिनीपिगमध्ये मॅक्रोफेजची संख्या खूप घटवली, तेव्हा जखमेतली घाण निघेना आणि नवं मांसही उशिरा धरू लागलं. रक्तवाहिन्या तुटल्यानं जखमेच्या मधोमध प्राणवायू कमी पडतो. ती टंचाई जाणवताच मॅक्रोफेज व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात आणि काठावरच्या धडधाकट केशवाहिन्यांना नवे फाटे फुटतात. चिंधी सोडल्यावर दिसणारं लालभडक, दाणेदार, बोट लागताच रक्त येणारं मांस म्हणजे या कोवळ्या वाहिन्यांचीच जाळी. मधुमेहात नेमकं हेच रखडतं, म्हणून पायाची जखम महिनोन्महिने ओली राहते.

काम झालं की बहुतेक नव्या वाहिन्या विरून जातात, लाल वण फिका पडतो. तिथली कातडी मात्र पूर्वीच्या ताकदीच्या साधारण 80 टक्क्यांपर्यंतच पोहोचते.