नाकातली चमकी, कानातली कुडी, भिकबाळी: न दुखवता काढायची कशी आणि बदलायची केव्हा?

मे महिन्यातला रविवार, दुपारचं ऊन आणि परीक्षा केंद्राचं फाटक. दीड वाजता फाटक बंद होणार आणि मुलीच्या नाकातली चमकी काही केल्या निघत नाही. आई एका हाताने नाक धरून दुसऱ्या हाताने फिरकी फिरवतेय, नाक लाल झालंय, मुलीच्या डोळ्यांत पाणी आलंय. नीटच्या केंद्रांबाहेर हे दृश्य नवं नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या या परीक्षेला कानातलं, नाकातलं, अंगठी, गळ्यातलं, काहीच घालून बसता येत नाही. २०२३ मध्ये ही परीक्षा ७ मे रोजी झाली, २०२४ मध्ये ५ मे आणि २०२५ मध्ये ४ मे रोजी. छत्रपती संभाजीनगर हे त्यासाठीचं एक परीक्षा शहर आहे आणि मराठवाड्यातल्या गावोगावच्या मुली त्या दिवशी इथे येतात.

परीक्षेची तारीख निदान आधी कळते. ऑपरेशन, एमआरआय किंवा अचानक सुजलेलं नाक सांगून येत नाही. अशा वेळी इजा होते ती बहुतेकदा घाईमुळे, आणि दागिन्याची मागची बाजू कशी आहे हेच माहीत नसल्यामुळे. म्हणून सुरुवात तिथूनच करावी लागते.

मागे काय आहे?

पुढून सगळ्या चमक्या सारख्याच दिसतात. मागे मात्र वेगवेगळे प्रकार असतात. सराफाकडची जुनी पद्धत मळसूत्राची: दांडीवर आटे असतात आणि आतून छोटी फिरकी त्यावर फिरवून बसवतात. ती सरळ ओढली तर निघत नाही, आतली कातडी मात्र सोलते. दुसरा प्रकार दाबाचा. यात मागचं बूच नुसतं सरकवलेलं असतं, त्यामुळे ते फिरवत बसण्यात अर्थ नसतो. तिसऱ्या प्रकारात मागे काहीच नसतं. दांडीच आत वाकवलेली किंवा वळवलेली असते आणि त्या वळणाच्या दिशेने ती हळूहळू बाहेर काढायची असते.

चौथी, पहिल्यांदा टोचताना घालतात ती सोन्याची तार. तिची टोकं सोनार बारीक पक्कडीने वळवून बंद करतो. ती हाताने उघडत नाही, नखाने तर नाहीच. ती सोनारानेच काढायची. अलीकडे पिअर्सिंग स्टुडिओत घालतात त्या दागिन्यांना आतून सपाट चकती असते आणि पुढचा खडा पोकळ दांडीत बसवलेला असतो. म्हणजे उघडायचं पुढून, मागून नव्हे. अनेक जणी तासभर मागची चकती ओढत बसतात, ती यामुळेच.

आपल्या नाकातला प्रकार आठवत नसेल तर ज्या पेढीवरून घेतला तिथे विचारणं सर्वांत सोपं. सराफ्यातला कारागीर एका नजरेत सांगतो.

भोक किती दिवसांचं आहे?

टोचलेली जागा बाहेरून कोरडी दिसली म्हणजे ती भरली असं नाही. जखम दोन्ही तोंडांकडून आत भरत जाते आणि मधल्या बोगद्याला कातडीचं अस्तर शेवटी तयार होतं. कानाच्या पाळीला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. नाकपुडीला चार ते सहा महिने, काहींना त्याहून जास्त. कानाच्या वरच्या भागाला आणि बेंबीला सहा महिने ते वर्ष. त्याआधी दागिना काढला तर अस्तर नसलेला बोगदा आकसतो. नवीन नाकाचं भोक काही तासांतही इतकं लहान होतं की तीच चमकी परत जात नाही. वर्षानुवर्षं जुनं भोक बराच काळ टिकतं, पण काहींचं तेही आठवडाभरात अरुंद होतं, त्याचा नेम नाही.

मेमध्ये परीक्षा असेल तर मार्चमध्ये नाक टोचून घेणं चुकीचं आहे. दिवाळीच्या आसपास टोचलेलं नाक मेपर्यंत जेमतेम सहा महिन्यांचं होतं. बारावीच्या वर्षात हौस असेलच तर परीक्षा झाल्यावर टोचावं. आणि टोचलेलं असेल तर परीक्षेच्या दोन दिवस आधी, घरी, निवांतपणे चमकी काढून बघावी. निघाली नाही तर सोनाराकडे जायला एक दिवस हातात राहतो.

घरी काढताना

आधी हात साबणाने धुवावेत. नखांना तेल नको, हातांनाही नको; निसटत्या बोटांनी बारीक फिरकी धरता येत नाही. वॉशबेसिनसमोर उभं राहण्यापेक्षा पलंगावर पांढरी चादर पसरून बसावं. बेसिनजवळच उभं राहायचं असेल तर जाळीवर रुमाल टाकावा. गटारात गेलेल्या फिरक्यांचा हिशेब कुणीच ठेवलेला नाही.

दांडीभोवती वाळलेली खपली असेल तर ती खरवडू नये. कोमट मिठाच्या पाण्यात कापूस भिजवून पाच मिनिटं लावून ठेवला की ती सुटते. त्यासाठी उकळून कोमट केलेल्या एक कप पाण्यात पाव चमचा साधं मीठ पुरेसं आहे. मेडिकलमध्ये मिळणारं ०.९ टक्के सलाईन असेल तर आणखी चांगलं.

नाकातली मळसूत्राची चमकी काढताना मान मागे टाकण्याची सवय अनेकींना असते. तशी मान मागे टाकू नये. डोकं किंचित पुढे झुकवावं आणि श्वास तोंडाने घ्यावा. पुढचा खडा एका हाताने घट्ट धरून आतली फिरकी घड्याळाच्या उलट दिशेने सैल करावी. पुढचा भागही सोबत फिरत असेल तर दुसऱ्या कुणाला तरी धरायला सांगावं. फिरकी आत पडलीच तर जोरात श्वास ओढायचा नाही. पुढे वाकायचं, दुसरी नाकपुडी बोटाने बंद करायची आणि हलकेच शिंकरायचं.

हे बारकावे उगाच सांगितलेले नाहीत. नाकातल्या चमकीची फिरकी किंवा आख्खी चमकी श्वासावाटे फुप्फुसाच्या नळीत गेल्याची प्रकरणं भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत वेळोवेळी नोंदली गेली आहेत. सुरुवातीला जोराचा ठसका येतो, मग तो थांबतो आणि माणूस विसरून जातो. नंतर तोच खोकला, कधी न्यूमोनिया होऊन परत येतो आणि एक्स-रेमध्ये चमकी दिसते. फिरकी सापडली नाही आणि ठसका लागला होता, एवढं कारण रुग्णालयात जायला पुरेसं आहे. संभाजीनगरात घाटी म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे.

लहान मुलांच्या कानात वेगळाच त्रास होतो. घट्ट बसवलेली फिरकी पाळीत रुतते आणि तिच्यावर कातडी चढते. अशी रुतलेली कुडी घरी ओढू नये. डॉक्टर जागा बधिर करून ती दोन मिनिटांत काढतात.

पू आला तर लगेच काढायची का?

घराघरांत पहिला सल्ला हाच मिळतो: काढून टाक. तो नेहमी बरोबर नसतो. दागिना काढला की भोकाची दोन्ही तोंडं मिटतात आणि आतला पू आतच राहून गळू होऊ शकतो. दागिना ठेवायचा की काढायचा हे डॉक्टरांनी बघून ठरवावं. सूज इतकी वाढली की दांडी मांसात रुतू लागली, तर मात्र त्याच दिवशी दाखवावं.

पहिले काही आठवडे पातळ, फिकट पिवळसर स्राव येऊन खपली धरणं हे बरं होण्याचाच भाग आहे. वाढत जाणारी सूज, ठसठस, घट्ट पिवळा-हिरवा पू, पसरणारी लाली किंवा ताप ही संसर्गाची लक्षणं. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साईड, डेटॉल यांनी नवी कातडी भाजते. हळद-खोबरेल तेलाचा लेप जुना असला तरी ताज्या जखमेवर तो चिकटून बसतो आणि खाली घाण अडकते.

कानाच्या वरच्या भागाबाबत जास्त सावध राहायला हवं. २०१५ च्या 'बाजीराव मस्तानी'नंतर भिकबाळीची हौस तरुणांत पुन्हा वाढली. भिकबाळी पाळीत नव्हे तर वर, कूर्चेत घालतात. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, वरच्या पातळ आवरणातून तिला रक्ताचं पोषण मिळतं. या आवरणाखाली पू झाला की कूर्चा उपाशी पडून मरते आणि कान आक्रसून वेडावाकडा होतो. तालमीतल्या पहिलवानाचा मोडलेला कान ज्यांनी पाहिलाय त्यांना कल्पना येईल. इथला संसर्ग अनेकदा स्यूडोमोनास या जिवाणूचा असतो आणि त्याला घरात उरलेल्या नेहमीच्या अँटिबायोटिक गोळ्या लागू पडत नाहीत. कानाचा वरचा भाग लाल, गरम आणि दुखरा झाला पण पाळी मात्र ठीक आहे, असं दिसलं तर थांबू नये. भिकबाळी बंदुकीने टोचून घेऊ नये तेही याच कारणाने. बंदुकीचा दणका कूर्चेला चिरडतो आणि बंदुकीचा बराचसा भाग उकळून निर्जंतुक करता येत नाही.

ऑपरेशन आणि एमआरआय

ऑपरेशनआधी दागिने काढायला सांगतात ते केवळ चोरीच्या भीतीने नव्हे. रक्तस्राव थांबवायला विजेवर चालणारं उपकरण वापरतात, धातूजवळ भाजण्याचा धोका असतो. भूल देताना नाका-तोंडाजवळ नळ्या आणि मास्क येतात, तिथे सैल चमकी निसटून आत जाऊ शकते. एमआरआयमध्ये शुद्ध सोन्याला चुंबक ओढत नाही, पण बाजारातल्या दागिन्यात नेमका कोणता मिश्रधातू आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. शिवाय धातू तापतो आणि डोक्याच्या तपासणीत चित्र बिघडवतो. चमकी निघतच नसेल तर तंत्रज्ञाला आधी सांगावं, लपवू नये.

तोवर भोक मिटू नये म्हणून झाडूची किंवा कडुनिंबाची काडी घालण्याची पद्धत गावागावांत आहे. ती सोडून द्यावी. काडीचा कुसळ आत राहतो आणि ओलाव्यात जंतू वाढतात. त्याऐवजी पारदर्शक प्लॅस्टिकची किंवा काचेची दांडी मिळते, ती तपासणीपुरती चालते. परीक्षेला तीही घालू नये. तपासणाऱ्याला ती दागिनाच वाटू शकते.

नवीन घेताना

बदलायच्या दागिन्याची दांडी आधीच्याच जाडीची हवी. स्टुडिओत हे माप गेजमध्ये सांगतात आणि आकडा मोठा तितकी दांडी बारीक: २० गेज म्हणजे सुमारे ०.८ मिलिमीटर, १८ गेज म्हणजे सुमारे १ मिलिमीटर. लग्नात गडबड होते ती इथेच. बारीक चमकीचं भोक आणि आजीच्या नथीची जाड तार. हळदीच्या दिवशी ती जबरदस्तीने घातली की लग्नाच्या दिवशी नाक सुजलेलं असतं. नथ पंधरा दिवस आधी घालून बघावी, नाहीतर सरळ चापाची नथ घ्यावी. फोटोत फरक कळत नाही.

सोन्याबाबत एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. देशात १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला, पण दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्यांना त्यातून सूट आहे. चमकी जवळजवळ नेहमीच त्याखाली असते. म्हणजे तिच्यावर शिक्का नसणं बेकायदा नाही, आणि त्यामुळे पक्कं बिल आणि कॅरेटची नोंद मागून घेणं जास्त गरजेचं. २२ कॅरेट सोनं मऊ असतं, त्याचे आटे झिजतात आणि फिरकी सैल होते. १८ कॅरेट जास्त टणक. इमिटेशन दागिन्यात आणि काही पांढऱ्या सोन्यात निकेल असतं. दागिन्याच्या आकाराचीच खाज, पाणी सुटणं, काळपट डाग ही बहुधा निकेलची ॲलर्जी असते, संसर्ग नव्हे. अशा वेळी मलम बदलून उपयोग नाही, धातू बदलावा लागतो. युरोपीय संघात टोचलेल्या भागातल्या दांडीतून आठवड्याला प्रति चौरस सेंटिमीटर ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल बाहेर पडता कामा नये, असा नियम आहे. नवीन भोकासाठी टायटॅनियम सर्वांत निर्धोक.

वजनाने ओघळलेली पाळी

शहरापासून तीसेक किलोमीटरवरच्या वेरूळला आणि शंभरेक किलोमीटरवरच्या अजिंठ्याला गेलं की देवदेवतांच्या, राजपुत्रांच्या कानांत जड कुंडलं आणि खाली ओघळलेल्या पाळ्या दिसतात. नाकात मात्र कुणाच्याच काही नाही. नाकातला दागिना आपल्याकडे मध्ययुगात रुळला, असं अभ्यासक मानतात, त्याचं हे एक कारण.

जड झुमक्यांना जोडीला मोत्यांचा वेल लावायची आपली रीत केवळ शोभेची नाही. वेल वजन केसांवर घेतो. रोज जड कानातलं घातलं की भोक लांबट होत जातं आणि एक दिवस ओढणीत अडकून पाळी फाटते. फाटलेली पाळी गोंदाने किंवा चिकटपट्टीने जुळत नाही, कारण आतल्या कडांना कातडी आलेली असते. त्या कडा कापून टाके घालावे लागतात. जागा बधिर करून होणारं हे छोटं काम आहे. पुन्हा टोचायला साधारण तीन महिने थांबतात, आणि टोचतात ते टाक्याच्या रेषेवर नव्हे, शेजारी. मागच्या वेळी टोचलेल्या जागी गाठीसारखा उंच व्रण आला असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारावं. केलॉइडची प्रवृत्ती असलेल्या कानावर नवं भोक म्हणजे नवी गाठ.

मिटलेल्या भोकात कुडी रेटून घालू नये. थोडं अरुंद झालेलं असेल तर सोनाराकडची बारीक तार आधी जाते, मग जाड. दोन-तीन प्रयत्नांत गेली नाही आणि रक्ताचा थेंब दिसला, तर दागिना डबीत ठेवावा आणि जागा पूर्ण भरल्यावर पुन्हा टोचून घ्यावी.