लाऊडरचे शेत आणि मुंबईची शाळा



आपले बऱ्हाणपूर हे वाटेवरचे गाव. तापीकाठी काफिले थांबले, फौजा उतरल्या आणि पुढे निघून गेल्या. १६३१ साली मुमताज महल इथे वारली. तिचा देहही शेवटी आग्र्याला नेला. आता आपली मुले शिकायला, नोकरीला बाहेर जातात, आणि रविवारी उपासनेला बाकावर आईबाप तेवढे दिसतात. म्हणून आज अशाच पांगलेल्या एका शेतकरी घराण्याविषयी लिहीत आहे.

स्कॉटलंडच्या दक्षिणेला लाऊडर नावाचे लहान गाव आहे. तिथले अँड्र्यू विल्सन हे शेतकरी. त्यांचा थोरला मुलगा जॉन १८०४ मध्ये जन्मला. थोरल्याने शेत सांभाळावे, असे जुन्या लोकांना वाटे. जॉन मात्र एडिंबरोला शिकून पाळक झाला आणि पत्नी मार्गारेटसह फेब्रुवारी १८२९ मध्ये मुंबईला उतरला. तेच पुढे विल्सन कॉलेजमुळे आपल्या सर्वांच्या ओळखीचे झालेले डॉ. जॉन विल्सन.

आल्यावर दोघे कोकणात हर्णैला राहिले. तिथे मराठी शिकले आणि त्याच वर्षी विल्सनसाहेब मराठीतून उपदेश करू लागले. मार्गारेटबाईंनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. ज्या काळी मुलीच्या हाती पाटी देणे लोकांना विचित्र वाटे, तो हा काळ. पण त्यांना फार दिवस मिळाले नाहीत. १८३५ च्या एप्रिलमध्ये त्या मुंबईतच वारल्या, तेव्हा त्यांचा मुलगा अँड्र्यू जेमतेम चार वर्षांचा होता. आजोबांचेच नाव नातवाला ठेवलेले होते.

प्रियांनो, एका घरातून एकच माणूस गेला असे सहसा होत नाही. मार्गारेटबाईंच्या मागे त्यांच्या दोन बहिणी, ॲना आणि हे बेन, समुद्र ओलांडून आल्या आणि बहिणीच्या शाळेतल्या मुलींना त्यांनी सांभाळले. मुंबईत गावदेवीला आजही असलेली सेंट कोलंबा शाळा ही त्याच कामाची वाढ आहे.

आणि तो लहान अँड्र्यू? एडिंबरोला आणि जर्मनीत शिकला, हाँगकाँगला वर्तमानपत्राचा संपादक झाला, हिमालयातून लांबचा प्रवास करून त्यावर पुस्तक लिहिले. वडिलांसारखा मिशनरी झाला नाही. १८८१ मध्ये तो इंग्लंडमध्ये एका तळ्याकाठच्या गावी वारला. शेत, मुंबई, हिमालय: तीन पिढ्या आणि तीन वाटा.

१८७० मध्ये विल्सनसाहेबांना स्कॉटलंडच्या फ्री चर्चने महासभेचे अध्यक्षपद दिले. वय पासष्ट, मान मोठा, मायदेशी राहण्यास कोणी हरकत घेतली नसती. तरी ते मुंबईला परतले आणि १ डिसेंबर १८७५ रोजी इथेच प्रभूमध्ये विसावले. मुलाचे हिमालयावरचे पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध झाले.

या घराण्याकडे पाहताना मला अब्राहाम आठवतो. कुठे जायचे ते ठाऊक नसताना तो निघाला आणि जन्मभर तंबूत राहिला. पण निघणाऱ्याइतकीच मागे राहणाऱ्याचीही श्रद्धा असते. लाऊडरच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने मुलगा दिला. मुंबईच्या बापाला मुलगा आपल्या वाटेने न येता दुसऱ्या वाटेने गेलेला पाहावा लागला. आपल्या मंडळीतल्या आईबापांना दोन्ही दुःखे ठाऊक आहेत.

बी पेरणारा प्रत्येक दाणा कुठे उगवेल ते ठरवू शकत नाही. मार्गारेटबाईंचे पीक त्यांच्या पोटच्या मुलापेक्षा परक्यांच्या मुलींत अधिक उगवले. म्हणून ज्यांची लेकरे दूर आहेत त्यांनी त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करावी. आणि आपल्या गावात जी परकी लेकरे कामाला, शिकायला आली आहेत, त्यांना या रविवारी आपल्या बाकावर जागा द्यावी. त्यांचीही आई कुठेतरी वाट पाहत असेल.

देवबाप आपल्या दूरच्या व जवळच्या सर्व लेकरांना राखो. आमेन.