रोजचा आकडा आणि आठवड्याची बेरीज

वजन उतरवण्यासाठी रोज ठरावीक उष्मांक घेण्याऐवजी काही दिवस कमी, काही दिवस जास्त खायचे आणि बेरीज आठवड्याची जुळवायची, या पद्धतीला कॅलरी सायकलिंग किंवा झिगझॅग डाएट म्हणतात. रोज १,५०० उष्मांक घेतले तर आठवड्याचे १०,५०० होतात. चार दिवस १,२०० आणि तीन दिवस १,९०० घेतले तरी तेवढेच. हिशेब शाळकरी आहे. वाद आहे तो शरीर हा हिशेब कसा धरते यावर: चढउतारामुळे त्याला काही वेगळे वाटते, की शेवटी बेरीजच मोजली जाते?

मुळात रोजचा आकडा ही कल्पनाच फार जुनी नाही. कॅलरी हा शब्द १८१९ ते १८२४ या काळात पॅरिसमध्ये निकोला क्लेमाँ आपल्या व्याख्यानांत वापरत होता, आणि तेव्हा विषय होता वाफेच्या इंजिनांचा. हे माप जेवणाच्या ताटापर्यंत आणण्याचे श्रेय मुख्यतः अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर याचे. कनेटिकट राज्यातील मिडलटाउन येथे त्याने एडवर्ड रोझा या भौतिकशास्त्रज्ञाच्या मदतीने १८९०च्या दशकात एक बंदिस्त खोली उभारली. तिच्यात माणूस काही दिवस राहायचा. त्याने खाल्लेले अन्न, सोडलेला श्वास आणि अंगातून निघालेली उष्णता यांची काटेकोर नोंद व्हायची. शरीरही ऊर्जेचा जमाखर्च चोख ठेवते, हे तिथे दिसले. पिष्ट पदार्थ आणि प्रथिने यांचे ग्रॅममागे चार, स्निग्ध पदार्थांचे नऊ, हे आज प्रत्येक पाकिटामागे उपयोगी पडणारे आकडे ॲटवॉटरचेच.

प्रयोगशाळेतला हा हिशेब घराघरांत पोहोचवला लॉस एंजेलिसच्या डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांनी. त्यांचे ‘डाएट अँड हेल्थ’ हे पुस्तक १९१८मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत निघाले आणि १९२४ व १९२५ या दोन्ही वर्षी अमेरिकेत कथेतर पुस्तकांच्या खपात पहिले राहिले. पावाला तुकड्याने न मोजता उष्मांकांनी मोजा, असा त्यांचा आग्रह होता. वजन घटवू पाहणाऱ्यांना त्यांनी दिवसाला १,२०० उष्मांकांची मर्यादा घातली. तो आकडा आहारतक्त्यांतून अजून हललेला नाही. ‘आज किती झाले?’ हा प्रश्न रोज रात्री स्वतःला विचारण्याची सवय इथून लागली, आणि चांगल्या दिवसाची भरपाई वाईट दिवसाला मिळण्याची सोय त्यात नव्हती.

त्याआधीचे जग असे सपाट खात नव्हते. सुगी आणि टंचाई, सण आणि व्रते यांनी आहार आपोआप वरखाली होई. धार्मिक उपवासांचा हेतू मात्र वजनाचा नव्हता, आणि परिणामही बहुधा तसा नसे: तूप आणि दाण्याचे कूट घातलेल्या साबुदाण्याच्या खिचडीत रोजच्या पोळीभाजीपेक्षा उष्मांक कमी असतीलच असे नाही. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण कोणत्याही उष्मांकमापकाशिवाय झालेले निरीक्षण आहे.

मोजूनमापून केलेल्या असमान आहाराची सुरुवात उंदरांपासून झाली. शिकागोच्या अँटन कार्लसन आणि फ्रेडरिक होल्झेल यांनी १९४६मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही उंदरांना दर दोन, तीन किंवा चार दिवसांतून एक दिवस उपाशी ठेवले होते. तीन दिवसांतून एक उपवास सर्वांत लाभदायक ठरला. नर सुमारे २० टक्के आणि माद्या १५ टक्के जास्त जगल्या. पुढे दहा वर्षांनी माद्रिदहून एक त्रोटक अहवाल आला. एका वृद्धाश्रमातल्या १२० जणांपैकी ६० जणांना एक दिवस सुमारे ९०० उष्मांक, म्हणजे लिटरभर दूध आणि अर्धा किलो फळे, आणि दुसऱ्या दिवशी २,३०० उष्मांक असे तीन वर्षे दिले गेले. त्यांनी दवाखान्यात काढलेले दिवस १२३ भरले, उरलेल्या ६० जणांचे २१९. मृत्यू अनुक्रमे ६ आणि १३. वजन कमी करणे हा या प्रयोगाचा उद्देशच नव्हता, तरीही एक दिवसाआड उपवासाचे समर्थक त्याचाच दाखला अजून देतात. एका संस्थेतल्या म्हाताऱ्यांवरून तरुण स्थूल माणसांविषयी फार काही सांगता येत नाही, हे अर्थातच खरे.

असमान आहाराला शास्त्रीय कारण मिळाले ते उपासमारीच्या अभ्यासातून. ॲन्सेल कीज यांनी १९४४–४५मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुणांवर प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरायला नकार देणारे हे स्वयंसेवक होते. सहा महिने त्यांना गरजेच्या जवळपास निम्म्या उष्मांकांवर ठेवले आणि आठवड्याला २२ मैल चालायला लावले. वजन चौथाईने घटले, पण विश्रांतीतला ऊर्जाखर्च त्याहून अधिक, जवळजवळ ४० टक्क्यांनी घसरला. शरीर लहान झाले म्हणून खर्च कमी होणारच. इथे मात्र ते त्याहूनही काटकसर करू लागले होते. १९९४मध्ये न्यू यॉर्कच्या जेफ्री फ्रीडमन यांनी लेप्टिन शोधले. चरबीपेशींतून निघणारे हे संप्रेरक मेंदूला साठ्याची खबर देते, आणि खाणे कमी झाले की चरबी फारशी घटण्याआधीच त्याचे प्रमाण पडते.

शरीरसौष्ठवाच्या व्यायामशाळांत यातून एक सूत्र तयार झाले: अधूनमधून पोटभर खाल्ले की लेप्टिन वर येईल आणि काटकसर थांबेल. लोझान येथे २०००मध्ये दहा सडपातळ स्त्रियांना तीन दिवस जास्तीचे पिष्टमय अन्न दिल्यावर लेप्टिन २८ टक्क्यांनी आणि दिवसाचा ऊर्जाखर्च ७ टक्क्यांनी वाढला होता. जास्तीच्या स्निग्धाने काहीच फरक पडला नाही. भात-बटाट्याला प्राधान्य देणारे ‘रीफीड’ दिवस यावर उभे आहेत. पण त्या तीन दिवसांत पोटात गेलेले जास्तीचे अन्न ७ टक्क्यांच्या वाढीपेक्षा कितीतरी जास्त होते, हे सांगण्याचा उत्साह कमी दिसतो. काट्यावरचा खेळही फसवा असतो. स्नायूंत आणि यकृतात साठणाऱ्या ग्लायकोजेनच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरले जाते. भरपूर खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी वजन किलोभर वाढते आणि कमी खाल्ल्यावर उतरते. चरबीशी त्याचा फारसा संबंध नसतो.

थेट कसोटी १९८९मध्येच झाली होती. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे ४० स्थूल स्त्रियांना १२ आठवडे सरासरी १,२०० उष्मांक दिले गेले. काहींना रोज तेवढेच, काहींना ६०० ते १,८०० असे चढउतार करून. वजन दोन्हीकडे सारखेच घटले. फरक पडला तो जोडीला व्यायाम करणाऱ्यांत. २००३मधला रीना विंग आणि रॉबर्ट जेफ्री यांचा प्रयोग याहून मजेदार आहे. त्यांना डाएट मोडून पडते कसे हे पाहायचे होते, म्हणून त्यांनी काही सहभागींना मुद्दाम सहा आठवड्यांची एक, तर काहींना दोन आठवड्यांच्या तीन सुट्ट्या घ्यायला लावल्या. सुट्टीनंतर मंडळी पुन्हा आहारावर परतली, आणि शेवटी सुट्टी न घेणाऱ्यांसह तिन्ही गटांची घट जवळपास सारखी भरली. मोडायला निघालेले मोडलेच नाही.

लोकप्रियता आली ती दूरचित्रवाणीने. ऑगस्ट २०१२मध्ये बीबीसीवर मायकेल मोझली यांचा उपवासावरचा कार्यक्रम झाला आणि पुढच्या जानेवारीत ‘द फास्ट डाएट’ हे पुस्तक आले: आठवड्यातले पाच दिवस नेहमीसारखे, दोन दिवस स्त्रियांनी ५०० आणि पुरुषांनी ६०० उष्मांक. त्यामागे मँचेस्टरच्या मिशेल हार्वी यांचा १०७ स्त्रियांवरचा, २०११चा अभ्यास होता. त्यात दोन दिवसांचे बंधन रोजच्या बंधनाइतकेच परिणामकारक ठरले होते.

शिकागोत क्रिस्टा वराडी यांनी १०० जणांना वर्षभर तपासले आणि निष्कर्ष २०१७मध्ये मांडले. एक दिवस गरजेच्या २५ टक्के, दुसऱ्या दिवशी १२५ टक्के असा आहार ठरला होता. वर्षअखेरीस घट रोज कमी खाणाऱ्यांसारखीच होती, गळती मात्र अधिक: ३८ टक्के, तर दुसऱ्या गटात २९. लोक उपवासाच्या दिवशी ठरल्यापेक्षा जास्त आणि भरपेटाच्या दिवशी ठरल्यापेक्षा कमी खात होते. म्हणजे झिगझॅग हळूहळू आपणच सपाट होत होता.

त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातून उलट बातमी आली. ५१ स्थूल पुरुषांच्या अभ्यासात दोन आठवडे आहारबंधन आणि दोन आठवडे वजन स्थिर राखण्याइतके जेवण असा क्रम पाळणाऱ्यांचे १४.१ किलो घटले, सलग सोळा आठवडे बंधन पाळणाऱ्यांचे ९.१ किलो. बंधनाचे आठवडे सारखेच असले तरी पहिल्या गटाला सगळे मिळून तीस आठवडे लागले, आणि सुट्टीत कोणालाही मनसोक्त खाऊ दिले नव्हते. २०२१मध्ये वजनाचे व्यायाम करणाऱ्या ६१ जणांवर, पुन्हा ऑस्ट्रेलियातच, तीन आठवडे बंधन आणि एक आठवडा सुट्टी असा प्रयोग झाला. चरबीच्या घटीत फरक आढळला नाही. सुट्टी घेणाऱ्यांना भूक कमी जाणवली आणि बारा आठवड्यांचे काम पंधरात झाले.