लॉफ्ट नावाचा दिवाणखाना

लॉफ्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येते ती स्वयंपाकघराच्या दारावरची, छताला टेकलेली फळी. तिच्यावर तांब्याचा बंब, पाळण्याच्या कड्या आणि लग्नात आलेले स्टीलचे डबे सुखाने नांदत असतात. वर चढायला स्टूल, स्टूल धरायला एक माणूस आणि त्या माणसावर ओरडायला घरची मालकीण, एवढी सामग्री लागते. न्यूयॉर्कमध्ये माणसं लॉफ्टमध्ये संसार करतात असं सांगितलं, तर आमचे हेडकॅशियर एवढंच विचारतील, "उभी कशी राहतात हो?"

तर तसं नाही. तिकडचा लॉफ्ट म्हणजे गोदामाचा किंवा कारखान्याचा आख्खा मजला. मॅनहॅटनच्या सोहो भागात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओतीव लोखंडाच्या दर्शनी भागाच्या इमारती उठल्या. भार पेलायला लोखंडी खांब होते, म्हणून खिडक्या भल्यामोठ्या आणि मधे भिंत नाही. ही सोय कापडाच्या गठ्ठ्यांसाठी होती, माणसांचा विचार कुणी केला नव्हता. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर धंदे बाहेर गेले, मजले ओस पडले. आगी इतक्या लागत की बंबवाल्यांनी या भागाला 'नरकाचे शंभर एकर' असं नाव ठेवलं.

अशा ठिकाणी राहायला कोण जाणार? ज्याला बँक कर्ज देत नाही तो! म्हणजे चित्रकार. त्याला जागा मोठी, उजेड भरपूर आणि भाडं कमी हवं होतं. अडचण एकच, तिथे राहणं बेकायदा होतं. तेव्हा अंतर्गत सजावटीचं पहिलं कलम ठरलं ते बिछाना लपवणं! न्हाणीघर, शेगडी, नळ सगळं स्वतःच्या हातानं बसवायचं, आणि इन्स्पेक्टर आला की 'आम्ही इथे फक्त काम करतो' असं तोंड करून उभं राहायचं. बरं, इन्स्पेक्टर गेला तरी नगररचनाकार रॉबर्ट मोझेस होताच. त्याला याच वस्तीतून महामार्ग न्यायचा होता. तो बेत 1969 मध्ये बारगळला. 1971 मध्ये कलावंतांना तिथे राहायची रीतसर परवानगी मिळाली. पण आपण कलावंत असल्याचा दाखला शहराच्या खात्याकडून घ्यावा लागे. (दाखल्याशिवाय माणूस खरा नव्हे, हा सरकारी वेदान्त सर्व देशांत सारखाच!)

त्यांतला शिल्पकार डोनाल्ड जड मला फार आवडतो. 1968 मध्ये त्यानं स्प्रिंग स्ट्रीटवरची 1870 सालची पाच मजली इमारत 68,000 डॉलरला घेतली. तेव्हाच्या साडेसात रुपयांच्या भावानं पाच लाख दहा हजार. सवय, दुसरं काय! एवढं झाल्यावर तुम्ही-आम्ही आधी पार्टिशनवाल्याला बोलावलं असतं. यानं भिंती घालायच्याच नाहीत असं ठरवलं. जेवण दुसऱ्या मजल्यावर, काम तिसऱ्यावर, झोप पाचव्यावर. रात्री तहान लागली तर काय, हा प्रश्न त्याला पडला नसावा. पाचव्या मजल्यावर जमिनीलगत लाकडी चौथरा आणि त्यावर गादी, बस्स.

पण गंमत पुढेच आहे. कलावंतांनी जागा राहण्याजोगी केली, आणि ती राहण्याजोगी झाल्यावर पैसेवाल्यांना आवडली. भाडी चढली. भाडेकरूंना संरक्षण द्यायला 1982 मध्ये लॉफ्ट कायदा करावा लागला. तो येईपर्यंत कितीतरी जणांनी स्वतः बसवलेले नळ तिथेच सोडून गाशा गुंडाळला होता. मोरी बांधायची एकानं आणि आंघोळ करायची दुसऱ्यानं, असा तो हिशेब.

जड 1994 मध्ये वारला. त्याचं घर 2013 पासून लोकांना पाहायला खुलं आहे, चौथऱ्यासकट. आणि नव्या इमारतींतसुद्धा आता लॉफ्टचा थाट हवा असतो. छताखालचे पाइप मुद्दाम उघडे ठेवतात, भिंतीचं प्लॅस्टर खरवडून विटा दाखवतात, आणि त्याचे वेगळे पैसे घेतात. आमच्या चाळीत हे काम पावसाळा दरवर्षी फुकट करून जातो.